मागच्या खोलीतला मळा

नवऱ्याला ती आधी मनातल्या मनात बागाईतदार म्हणायची, अलीकडे तोंडावरही म्हणू लागली होती. ज्या माणसाने जन्मात कधी कांदा चिरला नाही, कुंडीतल्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो एके दिवशी विमा कचेरीतून येताना दोन खोकी घेऊन आला आणि त्याने मागच्या खोलीत शेती सुरू केली. भिंतीला पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत स्पंजाचे तुकडे आणि वर जांभळे दिवे. खाली पाण्याची टाकी, टाकीत पंप. हा पंप दिवसभर गुळण्या करत असायचा.

"मातीचा कण नाही," तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "किडा नाही, मुंगी नाही. नुसत्या पाण्यावर भाजी!" शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्याने खोली दाखवली. तो बिचारा हातात पाना घेऊन मान डोलवत उभा राहिला, आणि शेगडी तशीच राहिली.

पहिलं पीक निघालं तेव्हा दोघांच्या ताटात मिळून मूठभर पानं पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याने डोळे मिटून पान चावलं आणि तिला विचारलं, "कशी आहे?"

"ओली आहे," ती म्हणाली.

हौसेला मोल नसतं, हे तिलाही कळत होतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नखरे सोसणाऱ्या बाईला नवऱ्याचा एक नखरा जड नव्हता. पण ती खोली आप्पांची होती. आप्पा म्हणजे तिचे वडील. ते तिच्या धाकट्या भावाकडे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून दवाखान्यात न्यायचं तरी त्यांना खुर्चीत बसवून दोघातिघांनी उचलावं लागायचं. हिचं घर तळमजल्यावर. मागची खोली हवेशीर, बाथरूम शेजारी. आप्पांनी इथे यायचं हे सगळ्यांच्या संमतीने ठरलं होतं. बागाईतदारानेही मान हलवली होती. "एवढं पीक निघालं की खोली आप्पांची," असं तो भावाला फोनवर स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

पीक निघायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भोकांत नवी रोपं उभी असायची. "आता लावलीच आहेत तर हे एवढं होऊ दे." असं करत करत पालक झाला, बेसिल झालं, आता लेट्यूस होतं. शेवटी भाऊ फोनवर वैतागला. "ताई, एका वृद्धाश्रमात जागा मिळतेय. सोमवारी कळवायचंय. रविवारी आप्पांना घेऊन तुझ्याकडे येतो. खोली मिळणार असेल तर त्यांना तिथेच ठेवतो, नाहीतर सोमवारी तिकडे."

वृद्धाश्रम हा शब्द ऐकून ती तडक नवऱ्याकडे गेली. पण बागाईतदार आधीच वेगळ्या दुःखात होता. त्याचं लेट्यूस मेलं होतं.

मेलं ते त्याच्या मिरवण्यापायी. खोक्यातल्या सूचनांत ठळक लिहिलं होतं की टाकीत उजेड जाता कामा नये. पण काळ्या टाकीत पाहुण्यांना मुळं कशी दिसणार? म्हणून या शहाण्याने काचेची टाकी आणली, वर तिच्यामागे एक छोटा दिवाही लावला. मुळं दिसली खरी. मग शेवाळही दिसलं. पाणी हिरवं झालं, मुळं तपकिरी झाली, खोलीला डबक्याचा वास सुटला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्याने नळाच्या पाण्याला बोल लावले, दिव्यांच्या कंपनीला बोल लावले, खिडकी उघडली म्हणून हिलाही बोल लावले. आणि मग अचानक गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

भाऊ यायच्या दिवशी सकाळी ती हात धुवायला गेली तर बेसिन तुंबलेलं. जाळी उचलून पाहिलं तर खाली चिखल. काळाभोर, चांगला बोटभर. ज्या घरात मातीचा कण नाही, तिथे हा चिखल कुठून आला? ती मागच्या खोलीत गेली. प्रत्येक भोकात लेट्यूसचा टवटवीत गड्डा बसला होता, टाकीतलं पाणी लख्ख होतं आणि टाकीला काळं कापड गुंडाळलं होतं. बाजारात मुळासकट मिळणारे गड्डे आणून, माती धुऊन, त्याने पेल्यांत खोचले होते. साठी जवळ आलेला माणूस! तिला हसू आलं नाही. किळस आली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

भाऊ आणि ड्रायव्हर आप्पांना खुर्चीसकट उचलून आत घेऊन आले. आप्पा वाळले होते. सदरा त्यांच्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. त्यांची खुर्ची खोलीच्या दारात ठेवली आणि भावाने आत डोकावून पाहिलं.

"वा भाऊजी! हे तर भलतंच जोरात आहे."

बागाईतदाराची छाती फुगली. "मग? आता तूच सांग, असं भरात आलेलं पीक मोडायचं कसं? थोडं थांबला असतास तर..."

भावाचा चेहरा पडला. आप्पा खाली बघायला लागले. तिच्या जिभेवर चिखलाची गोष्ट आली होती. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याला भावासमोर उघडं पाडलं की उरलेल्या आयुष्यात ते आपल्यालाच ऐकावं लागणार. आणि मग तिच्या लक्षात आलं की याला उघडं पाडायची गरजच नाही.

"अहो," ती म्हणाली, "हे पीक निघालं की खोली आप्पांची, असंच म्हणाला होतात ना?"

"हो, पण..."

"मग निघालं की." तिने स्वयंपाकघरातून मोठी परात आणून त्याच्या हातात दिली. "काढा."

"अजून तयार नाही गं ते."

"आत्ताच तर भरात आलंय म्हणालात. बेसिनमध्ये धुऊन घेऊ का? की ते तुंबलंय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, हे त्याला त्या क्षणी नीट समजलं असावं. तो मुकाट्याने एकेक गड्डा उचलून परातीत ठेवायला लागला.

"किती अलगद निघतात!" भाऊ म्हणाला.

"मुळांना धरायला माती नसते ना," बागाईतदार बारीक आवाजात म्हणाला.

परात भरली, पाइप उतरले, दिवे विझले, टाकीवरचं काळं कापड निघालं. पंप बंद झाला तशी खोलीत पहिल्यांदा शांतता पसरली. टाकीत एक हीटर होता, त्याच्या शेजारी थर्मामीटर. आप्पा ते बराच वेळ निरखत होते.

"पाण्याला थंडी वाजू नये म्हणून?" त्यांनी विचारलं.

"मुळांना," बागाईतदार म्हणाला.

"केवढी काळजी घेता तुम्ही." आप्पांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणे त्यांना येतच नसत. "जावईबापू, माझ्यामुळे तुमचा मळा मोडला. वाईट वाटून घेऊ नका. मी असा किती दिवस राहणार? त्यानंतर परत लावा."

भाऊ बुटांकडे बघत राहिला. ती नवऱ्याकडे बघत होती. अशा वेळी कुणीही म्हणतं, 'असं बोलू नका आप्पा.' शत्रूसुद्धा म्हणतो. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं; सकाळपासून तो किती सफाईने खोटं करत होता! ती वाट पाहत राहिली.

बागाईतदाराने भिंतीकडे पाहिलं. पाइप अडकवायचे हुक अजून तसेच होते. त्याच्या तोंडावर जरा तरतरी आली.

"तेही आहेच म्हणा," तो म्हणाला. "मग हे हुक काढत नाही. राहू देतो भिंतीत."

तिने पक्कड आणली, स्टूल ओढलं आणि ती वर चढली. पहिला हुक पिळून उपसला तसा गिलाव्याचा ढलपा खाली पडला. हुक तिने नवऱ्याच्या हातात ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"अगं, राहू दे," आप्पा म्हणाले. "भिंत खराब होतेय."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि स्टुलावरूनच तिने भावाला गाडीतून आप्पांची गादी आणायला सांगितली.