बी गटाचा तिसरा माणूस

गल्लीत अकरा घरं होती. सात घरांतून खोकला ऐकू येत होता, दोन घरांना कुलूप होतं, समोरच्या अनुसयाबाईंकडे कालपासून चूल पेटलेली दिसली नव्हती आणि अकरावं घर कुंताचं स्वतःचं होतं. दाराच्या फटीला डोळा लावून कुंतानं ही मोजणी पुन्हा एकदा केली आणि मग त्या फटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली.

तेवढ्यात मागच्या अंगणाचं फाटक वाजलं. तिचा धाकटा दीर चंद्रभान सिंदीच्या बाजारातून परतला होता. वांग्यांची रिकामी टोपली त्यानं खाली ठेवली आणि भिंतीला हात टेकला. भर दुपारी त्यानं डोक्यावरून दुपट्टा गच्च ओढून घेतला होता, तरी त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

कुंता उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, तिथंच थांबा."

"थंडी वाजून राह्यली वैनी. पावसात भिजलो असन."

"परवापासून पाऊस कुठी आहे?"

चंद्रभाननं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मागच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दाराआड वच्छा एकटीच सागरगोटे खेळत होती. गोटे जमिनीवर पडल्याचा आवाज येत होता. मग तो टोपली तिथंच सोडून गोठ्याकडे वळला आणि बैलांच्या पलीकडे, कडब्यावर जाऊन आडवा झाला. कुंतानं त्याची वाकळ काठीच्या टोकाला अडकवून गोठ्याच्या दारापर्यंत नेली आणि परत येऊन हात राखेनं घासले.

वच्छा सात वर्षांची होती. तिच्या अंगात रक्त टिकत नसे. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोगाचं नाव थॅलेसेमिया असं सांगितलं होतं, ते कुंताला पहिले सहा महिने नीट म्हणता येत नव्हतं. महिन्याला एक बाटली रक्त चढवलं की पोरीचे ओठ लाल होत, ती अंगणात उड्या मारी. तीन आठवडे सरले की तळवे पुन्हा पांढरे पडू लागत. आईबापांचं रक्त चालत नव्हतं. दोघांच्याही रक्तात तोच दोष अर्धा अर्धा होता आणि पोरीत तो पुरता उतरला होता, हे बाईंनी कागदावर दोन अर्धे गोल काढून समजावलं होतं. थोरला मुलगा तिसऱ्या वर्षी असाच पांढरा पडत पडत वारला होता. तेव्हा गावात सगळे दृष्ट लागली म्हणाले होते.

वच्छाचा गट बी. त्या गटाची, बोलावल्यावर येणारी माणसं तीनच मिळाली होती. बोरगाव मेघेला राहणारा कुंताचा मावसभाऊ बबनराव, नवऱ्याचा दोस्त प्रेमदास आणि चंद्रभान. एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नसे. म्हणजे तीन माणसं बरोबर पुरत, आणि एक जरी कमी पडला तरी गाडं अडत होतं. बबनरावनं जेठात दिलं होतं, प्रेमदासनं आखाडात. पोळा झाला की चंद्रभानचा नंबर होता.

दोन वर्षं हे असं चाललं होतं. चंद्रभानचं लग्न जाम गावच्या एका घरी ठरत आलं होतं, तेही यातच फिसकटलं. मुलगा दर तीन महिन्यांनी वर्ध्याला जाऊन रक्त देतो, उद्या आमच्या पोरीचा संसार काय ओढील, असं मुलीच्या काकानं चारचौघांत विचारलं. चंद्रभान हसून म्हणाला होता की बैलं तर रोजच ओढतात, त्यांची लग्नं कोण करतं? पण त्यानंतर त्यानं पोरगी पाहायला जायचंच सोडलं.

गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कुंताला वेगळं बोलावून सांगितलं होतं. हा खोकल्या-तापाचा फेरा सगळीकडे पसरतोय. धडधाकट पोराला आठ दिवसांत सोडून जाईल. पण या पोरांचं रक्त आधीच कमी, काळीज आधीच दमलेलं. गर्दीत नेऊ नका, आजारी माणूस जवळ येऊ देऊ नका. कुंतानं त्यातला शब्दन् शब्द पाळला. शाळा बंद, अंगण बंद, खिडकी बंद. नवऱ्याला, पुंडलिकरावला, मळ्यातल्या झोपडीत झोपायला धाडलं. पाणी उकळून गार केल्याशिवाय वच्छाच्या ओठाला लागू दिलं नाही. विहिरीवर ती स्वतः सगळ्या बायांच्या आधी, अंधार असतानाच जाऊन येई. एवढ्या बंदोबस्तातून ताप शेवटी आला तो पोरीला नाही, पोरीला रक्त देणाऱ्याला.

मग कुंतानं ठरवलं की हा ताप आपण चंद्रभानच्या अंगातून काढायचाच, आणि पोळ्याच्या आत काढायचा.

तिच्या माहेरी तापाला लंघन करत. पोट रिकामं असलं की तापाला धरायला काही उरत नाही, असं तिची आई सांगे. म्हणून कुंता चंद्रभानला दोन वेळा तांदळाची पातळ पेज देऊ लागली, मीठ टाकून. पितळी गोठ्याच्या दाराशी दगडावर ठेवायची, मागं सरायचं, मग तो उठून घ्यायचा. दुधानं कफ होतो म्हणून दूध बंद. भाकरी जड म्हणून भाकरी बंद. श्रावण असल्यामुळे अंड्याचा प्रश्नच नव्हता. पेज करताना तिनं कधी आळस केला नाही. तांदूळ निवडून, दोनदा धुऊन, गाळून घेई.

सहाव्या दिवशी ताप उतरून त्याचं अंग गार झालं. चंद्रभान बैलांना पाणी दाखवायला उठून बसला आणि भाकर मागितली. पण वरच्या गल्लीत एकाचा ताप खाल्ल्याबरोबर पलटल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिनं आणखी पेजच चालू ठेवली.

पुंडलिकराव मळ्यातून वांगी घेऊन आला तेव्हा फाटकाबाहेरूनच त्यानं भावाला पाहिलं. मग बायकोला म्हणाला,

"त्याले भाकर दे ना बापा. पार वाळून गेला."

"अन् ताप पलटला म्हणजे? पोरीले कोण देईन, तुमी?"

आपलं रक्त चालत नाही हे पुंडलिकराव कधीच विसरत नसे. तिनं आठवण करून द्यायची गरज नव्हती. वांगी फाटकाशी ओतून तो परत गेला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले, त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. पोळ्याला पुंडलिकरावनं बैल तोरणाखाली नेले खरे, पण रांगेच्या अगदी शेवटी, तोंडाला दुपट्टा बांधून उभा राहिला, तोरण तुटल्याबरोबर परतला. कुंतानं पुरणपोळ्या केल्या होत्या. औक्षण झाल्यावर तिनं एकेक पोळी घडी करून बैलांच्या तोंडात दिली. पलीकडे चंद्रभान कडब्यावर बसून पेज फुंकत होता.

"वैनी," तो म्हणाला, "पुढल्या जन्मी मले या ढवळ्याच्या जागी बांधजा. जेवण तरी भेटन."

बैलाच्या पाठीआड कुंताला हसू फुटलं. किती दिवसांनी ती हसली होती. वर्ध्याहून आलो की तुमच्यासाठी पुरणपोळ्यांचा वेगळा घाट घालते, पाहिजे तेवढ्या खा, असं तिनं कबूल केलं. तो म्हणाला, लेखी द्या.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून पोरं दारोदार फिरत होती. सिंदीत या दिवशी पोराला बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, दिल्याशिवाय दारातून पाठवत नाहीत. कुंताच्या दारावरही थापा पडल्या. "काकू, बोजारा द्या," कोणीतरी ओरडलं आणि लगेच दोघं-तिघं खोकले. वच्छा खोलीतून धावत आली, कडीकडे हात नेला. कुंतानं तिला मागून कवेत घेतलं आणि जमिनीवर बसली. पोरीची छाती तिच्या हाताखाली भराभर उडत होती. चार पावलं धावली, तेवढ्यानंच.

"त्यायचा बैल तरी पाहू दे, आई. फटीतून."

"फट बंद केली माय."

थापा थोडा वेळ चालल्या. मग चाकांचा खुळखुळ आवाज पुढच्या घराकडे गेला. कुंतानं पोरीची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत गुलाबी काहीच नव्हतं.

आगगाडीच्या डब्यात माणसावर माणूस असतो म्हणून दोन दिवसांनी ते भाजीच्या टेम्पोतून वर्ध्याला निघाले. मागच्या उघड्या भागात टोमॅटोच्या पेट्या, पेट्यांच्या मधे वच्छाला मांडीवर घेऊन कुंता आणि पुंडलिकराव. चंद्रभान दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडचा वारा पोरीकडे येणार नाही अशा बाजूला, तिनं सांगितलं तिथं बसला होता. सेलूजवळ गचका बसला तेव्हा तो कलंडला. पेटी धरून त्यानं स्वतःला सावरलं आणि टेम्पोवाल्याला एक शिवी हासडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत खाटा आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी थॅलेसेमियाची पोरं वॉर्डात ठेवलीच नव्हती; चादरी ठेवायची एक खोली रिकामी करवून तिथं चार गाद्या टाकल्या होत्या. दाराशी नर्स बसली होती आणि एका पोराजवळ एकच माणूस आत सोडत होती. वच्छाच्या बोटातून रक्त काढून नेलं. थोड्या वेळानं बाई कागद घेऊन आल्या. हिमोग्लोबिन चारच ग्रॅम होतं.

"आजच चढवायला हवं," त्या म्हणाल्या. "रक्तपेढीत बी गटाची एकही बाटली नाही. देणारे सगळे अंथरुणात. तुमचा माणूस आलाय ना?"

"आला बाई. ताप येऊन गेला त्याले, पण आता सात-आठ दिस झाले. खडखडीत आहे."

"मग बरं झालं. पाठवा लवकर."

कुंतानं पुंडलिकरावला पोरीजवळ बसवलं. एरवी ती रक्तपेढीकडे जात नसे. ते काम पुरुषांचं. पण जिन्याच्या वळणावर चंद्रभान थांबला, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, आणि ते तिला खालून दिसलं.

"काय झालं भाऊजी?"

"काई नाई. चप्पल घसरली."

ती त्याच्या मागोमाग वर गेली.

रक्तपेढीच्या खोलीत दोन खाटा होत्या, दोन्ही रिकाम्या. टेबलामागच्या वयस्क माणसाला चंद्रभान नत्थूजी म्हणून ओळखत होता. नत्थूजींनी त्याच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग काचेच्या पेल्यात निळं पाणी ओतलं. तो निळा रंग कुंताच्या ओळखीचा होता. पुंडलिकराव टोमॅटोवर फवारायला मोरचूद भिजवी, तेव्हा बादलीत असाच रंग दिसे. तिनं तसं विचारलं.

"मोरचूदच होय," नत्थूजी म्हणाले. "मोजून घातलेलं. याच्यात रक्ताचा थेंब सोडतो. रक्त दाट असलं तर थेंब तळाले जाते. मग बाटली घेता येते. पातळ असलं तर थेंब वर येते, मग घेता येत नाई. घेतली तर देणाराच आडवा होते."

कुंतानं पदर तोंडाशी नेला.

नत्थूजींनी चंद्रभानचं बोट कापसानं पुसलं. किती दिवस ताप होता, विचारलं. चंद्रभाननं सांगितलं. मग सुई हातात घेऊन त्यांनी विचारलं,

"तापात खाणं काय होतं?"

चंद्रभाननं मागं वळून पाहिलं नाही.

"सगळंच. आमच्या वैनी हात आखडत नाई."

कुंता दाराशी उभी होती. तिचे ओठ हलले. पण नत्थूजींनी तोवर सुई टोचली होती आणि ते बोट दाबत होते. रक्त लवकर येईना. दोनदा दाबावं लागलं. मग बारीक नळीत रक्ताची रेघ चढली. नत्थूजींनी नळी पेल्यावर उभी धरली आणि चिमटीतून एक थेंब सोडला.

थेंब गोल होता. बोटाच्या पेराएवढा खाली गेला, तिथं थांबला, आणि वर आला.

नत्थूजींनी पेला बदलला. नवं निळं पाणी ओतून, नळी पुन्हा धरून दुसरा थेंब सोडला. खोलीतली तिघंही त्याच्याकडे पाहत होती.

दुसरा थेंबही वर आला.