पांढऱ्या दोऱ्याचा सिगार

बेंबळीत हर्षालीला लांबून बघितलं तरी माणसं बिडी विझवायची, ही काही लहान गोष्ट नव्हती. दहावीतली पोरगी ती. वर्षापूर्वीपर्यंत घरात पाहुणा आला की दाराआड जाऊन उभी राहायची आणि नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. मग तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तंबाखूच्या दुष्परिणामांवर सात मिनिटं बोलली, एकदाही न अडखळता, आणि पहिला नंबर घेऊन आली. त्या दिवसापासून तिला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. शाळेच्या तंबाखूमुक्ती पथकाची ती प्रमुख झाली. गळ्यात शिट्टी आली. घराच्या दारावर 'हे घर तंबाखूमुक्त आहे' असं हिरवंगार स्टिकर आलं. शेजारच्या सत्तरीच्या बलभीमअण्णांनी ओट्यावर बसून काडी ओढायचा अवकाश, की गल्लीच्या कोपऱ्यावरून शिट्टी वाजलीच म्हणून समजा. अण्णा बिडी कानावर खोचून म्हणायचे, "आल्या बघा फौजदारीणबाई." पण रागवायचे नाहीत. हर्षालीला वाटायचं, ते घाबरतात.

अशा या घरात दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तिचा मामा सिगारचा डबा घेऊन आला.

मामा म्हणजे कृष्णराज, तिच्या आईचा, दीपमालाचा, धाकटा भाऊ. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात वाढपी होता. त्या हॉटेलात सिगार ओढणाऱ्या बड्या लोकांसाठी वेगळी खोली होती आणि तिथं उभं राहणाऱ्या माणसाला सिगार कळावा लागे. त्याची परीक्षा सोमवारी होती. डोळ्यांवर पट्टी बांधून चारपैकी एक सिगार हातात देणार, तो कुठला ते ओळखायचं आणि त्याचा वास, त्याची चव शब्दांत सांगायची. मामा दोनदा नापास झाला होता. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की ही तिसरी आणि शेवटची. नाही जमलं तर आयुष्यभर उष्टी ताटं उचल.

डबा लाकडी, गुळगुळीत. आत हातानं वळलेले आठ सिगार, चार जोड्या. कंपनीच्या पट्ट्या काढून प्रत्येक जोडीला एका रंगाचा दोरा बांधलेला. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. जोडीतला एक घरी ओढून शिकायचा, दुसरा जसाच्या तसा परत न्यायचा.

हर्षाली शिट्टीवर हात ठेवून डब्याकडं बघत उभी राहिली. मामानं ओळखलं. म्हणाला, हर्षे, हे व्यसन न्हाय, हा अभ्यास हाय, आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय, तर तू लिहून घे. अभ्यास म्हटल्यावर हर्षालीच्या तत्त्वांना जागा सापडली. तिनं कोरी वही काढली, पट्टीनं रकाने आखले: बांधणी, वास, ओढ, चव, राख. वर तारीख टाकली. आपण म्हणजे फार मोठ्या संशोधनाला बसलोय अशा थाटात ती ओसरीवर मांडी घालून बसली.

बलभीमअण्णा कुतूहलानं आले आणि खांबाला टेकले. म्हणाले, "आमची वडली की व्यसन, आन मामानं वडला की अभ्यास व्हय गं?"

हर्षालीनं त्यांना सविस्तर उत्तर दिलं. ते ऐकताना अण्णा डोळे मिटून बसले.

मामाचं काम मात्र बघण्यासारखं होतं. तो सिगार बोटांत हलकेच दाबून बघायचा, कुठं पोकळ लागतो का, कुठं गाठ. न पेटवताच नाकाखालून आडवा फिरवायचा. मग छोट्या कात्रीनं टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, उडवायची, काडी पेटवून ज्योत सिगारला न लावता खालून नुसता शेक द्यायचा. हुरडा भाजताना कणीस फिरवावं तसा तो सिगार फिरवत राहायचा. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. राख झटकायची नाही. चांगल्या सिगारची राख पेराएवढी झाली तरी पडत नाही म्हणे, आणि खरोखर पडली नाही. अण्णासुद्धा पुढं सरकून बघायला लागले.

इथवर मामा पास होता. पुढं गाडं अडायचं. हॉटेलानं दिलेल्या कागदावर शब्द होते, सीडर, लेदर, वॉलनट, आणि मामानं ना सीडरचं झाड बघितलं होतं ना अक्रोडाचं. धूर सोडून तो बराच वेळ आढ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "लिही. वास चांगला हाय." लाल सिगारलाही चांगला, पिवळ्यालाही चांगला. हर्षालीनं वहीत दोनदा 'चांगला' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसलेली आई सुपावरची नजर न उचलता म्हणाली, "लाल दोऱ्याच्यात नव्या चपलांच्या दुकानाचा वास हाय. पिवळ्याच्यात काकवीचा. कढईला लागलेली काकवी असती ना, तसा."

मामानं विझत आलेला लाल तुकडा उचलून पुन्हा हुंगला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. चपला, चामडं, लेदर. दीड वर्ष त्या साहेबानं इंग्रजीत सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते बहिणीच्या एका वाक्यात शिरलं.

मग काय, रविवारी सकाळी हिरवा दोरा सुटला तेव्हा मामानं सिगार आधी आईच्याच हातात दिला. तिनं लगेच घेतला नाही. हात पदराला पुसले, ओसरीवर कोण कोण आहे ते बघितलं, मग घेतला. एकदा हुंगला. सांगितलं, वरचं पान आणि आतलं पान एका सालातलं नाही, आतलं जुनं आहे. पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या कडब्याचा वास आहे. आणि ओढशील तेव्हा जिभेच्या कडेला तिखट लागंल, मधे न्हाय. मामानं ओढला. कडेलाच लागलं. हर्षाली भराभरा लिहीत होती. आपल्या आईचं एवढं बोलणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आईच्या गालांवर रंग आला होता. तुला एवढं कसं कळतंय, असं मामानं विचारलं तर ती हसली. "वीस वर्सं चुलीम्होरं बसल्यावर मानसाचं नाकच उरतंय."

हर्षालीला तेव्हा काही खटकलं नाही. खटकायला पाहिजे होतं.

पांढऱ्या दोऱ्याच्या वेळी आई गिरणीत गेली होती. मामानं अर्धा सिगार ओढला, पण वहीत काही पडेना. शेवटी त्यानं तो बशीत ठेवून आपसूक विझू दिला आणि हर्षालीला सांगितलं, हा डब्यात नीट ठेव, ताई आली की तिच्याकडून शिकून घेऊ आणि उरलेला त्या शब्दांवर ओढून बघू. एवढं सांगून तो जेवायला गेला. तेवढ्यात हर्षालीला मैत्रिणीचा फोन आला, पथकाच्या नाटुकलीचा सराव होता. तिनं बशी उचलली, ओसरीच्या कठड्यावर टेकवली, आल्यावर ठेवू म्हणाली आणि पळाली.

चारला ती परत आली तर मामा ओसरीभर हिंडत होता. बशी रिकामी. मामाच्या बसला दोन तास राहिले होते आणि अर्धा पांढरा सिगार गायब.

इथं कुणी साधी पोरगी असती तर म्हणाली असती, मामा, मी तो डब्यात ठेवायला विसरले. पण हर्षाली पथकाची प्रमुख होती. कठड्याचं तिच्या खरंच लक्षात राहिलं नव्हतं. तिच्या लक्षात एवढंच आलं की चोरी झाली आहे आणि तपास करायला आपण आहोत. मामाची धावपळ ऐकून आजूबाजूची पाच-सहा माणसं जमली होतीच. तिनं सगळ्यांना बसवलं. कोण कधी आलं, कधी गेलं, एकेकाला विचारलं. मग ती बलभीमअण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, खिसा दाखवा."

कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी सावकाश दोन्ही खिसे बाहेर काढले. बिडीचं बंडल, काडेपेटी, गोळ्यांचं पाकीट, एक मळका रुमाल. ते सगळं तळहातावर धरून ते तिच्यासमोर थांबले, तिचं बघून होईपर्यंत.

तेव्हाच वारा फिरला आणि घराच्या मागच्या अंगानं वास आला. भाजल्याचा, गोडसर, जड. हर्षाली वासाच्या मागं गेली. न्हाणीच्या मागं तीन दगडांची चूल अजून गरम होती, तिच्यावर जुना तवा पालथा. वर भिंतीतल्या कोनाड्यात, वापरात नसलेल्या कंदिलाच्या मागं, पावडरची एक छोटी डबी. उघडली तर आत काळी भुकटी, अजून कोमट.

मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि पहाटे त्यानं दात घासायचे. बाया घासतात, चोरून, आणि एकदा लागली की तिच्याशिवाय सकाळ होत नाही. हर्षालीच्या भाषणात यावर एक पूर्ण परिच्छेद होता. टाळ्या त्यालाच पडायच्या.

डबी कुणाची, हे तिला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. कळलं होतं. त्या न्हाणीत घरातली माणसं सोडून येतंय कोण? पण हातात पुरावा होता, बाहेर माणसं बसली होती आणि अंगात भाषण संचारलं होतं. ती डबी उंच धरून ओसरीवर आली आणि भाषणातल्याच आवाजात म्हणाली, "सापडली. हे कुणाचं?"

आई आतून आली. हाताला पीठ होतं. तिनं डबीकडं बघितलं, जमलेल्या माणसांकडं बघितलं, भावाकडं बघायचं टाळलं.

"माजं हाय," ती म्हणाली.

मग पुढचंही तिलाच बोलावं लागलं. ती मामाला सांगत होती, पण बोलत होती जमिनीशी. काल तुझे दोन तुकडे असेच टाकलेले होते रे, आज सकाळी हिरवा टाकला. हा बी कठड्यावर बशीत राखेत पडलेला दिसला, मला वाटलं टाकलेलाच हाय. पान लई चांगलं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणलं.

कठडा. हर्षालीच्या हातातली डबी एकदम जड झाली. मामानं तिच्याकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि मान खाली घातली.

बलभीमअण्णा उठले. खिसे आत सारले, काठी घेतली. रोज जाताना काहीतरी टोमणा मारल्याशिवाय न जाणारा हा म्हातारा त्या दिवशी गुमान गेला, आणि त्याच्या मागं एकेक करून बाकीचेही. जाताना सगळेजण आईला वळसा घालून गेले, पडल्या माणसाला घालावा तसा.

साडेपाचच्या सुमाराला हर्षाली स्वयंपाकघरात शिरली. आई पाठमोरी भाकरी थापत होती, भावाच्या शिदोरीची. हर्षालीनं मनात वाक्यं जुळवली होती. सात मिनिटं न अडखळणाऱ्या पोरीला एक वाक्य नीट सुरू करता येईना. ती नुसतीच चुलीजवळ बसली. आईनं तोंड धुतलं होतं. खसाखसा घासल्यानं ओठ लाल झाले होते.

भाकरी तव्यावर टाकून, न वळता, आईनंच विचारलं. आवाज एवढा बारीक की चुलीतल्या लाकडाच्या आवाजात तो हरवावा.

"शाळंत सांगशील का गं?"

हर्षालीला आधी कळलंच नाही.

"म्हंजी सांगायचंच आसंल तर सांग. पन मॅडम घरी येत्याल का? तुज्या बापाला म्हाईत न्हाय अजून. मी सोडनारच हाय. दोनदा सोडली हुती. तू त्या पथकात गेलीस तवा सोडली हुती, एक म्हैना."

आई आपल्याला घाबरते. बलभीमअण्णा घाबरत नव्हते, ते लाडानं बिडी कानावर खोचत होते. खरोखर घाबरणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते रोज पहाटे तिच्याआधी उठून, अंधारात न्हाणीमागं जाऊन, चूळ भरून, तिच्यासाठी चहा टाकत होतं.

"नाही सांगणार," हर्षाली म्हणाली. आणि म्हटल्या म्हटल्या तिलाच ते कसं ऐकू आलं. मोठ्या साहेबानं माफी द्यावी तसं. तिनं पुढं बोलायचा प्रयत्न केला. आई, मीच कठड्यावर ठेवला होता, मामानं डब्यात ठेवायला सांगितलेलं. एवढं तिनं सांगितलं, मोडकंतोडकं. आई म्हणाली, "हां," आणि भाकरी उलटली. त्या 'हां'मध्ये राग नव्हता. रागावण्याइतकीही ती आज स्वतःला मोठी समजत नव्हती.

मामा दारात आला. पिशवी खांद्याला, हातात पांढऱ्या दोऱ्याचा दुसरा सिगार, परत न्यायचा तो. बसला अर्धा तास होता. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"ताई, नुसता वास घेऊन सांग. पेटवायचा न्हाय. तीनच लिहून झालेत."

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली.

"कालपास्नं तूच सांगतीयस."

आईनं पिठाचे हात झटकले. सिगारकडं बघितलं. नाकपुड्या किंचित हलल्या, तिच्याही नकळत. आणि मग तिनं हर्षालीकडं बघितलं.

विचारत होती. घेऊ का?

हर्षालीला वाटलं, या चुलीत शिरावं. तिला म्हणावंसं वाटलं, घे ना, मला काय विचारतेस. पण तोंडातून जे निघेल ते परवानगीसारखंच निघणार हे तिला आता पक्कं कळलं होतं. ती उठली. कोपऱ्यातली घागर भरलेली होती, तरी तिनं उचलली, मागल्या दारानं बाहेर गेली आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुडात ओतलं. मग रिकामी घागर घेऊन, कुणीही बघितलं असतं तर हसलं असतं अशी, हौदाकडं चालत गेली, नेहमीपेक्षा हळू.

घागर भरली तरी ती वळली नाही. घरातून बोलणं ऐकू येतंय का याचा कानोसाही घेतला नाही, मुद्दाम नळ सोडून ठेवला. मामाची बस फाट्यावर हॉर्न वाजवेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, भरून वाहणाऱ्या घागरीपाशी, घराकडं पाठ करून.