चंद्राबाईंची काचेची न्हाणी

"दिसतूय का गं मी?" आबांनी काचेमागून तिसऱ्यांदा विचारलं.

सांगलीतल्या रसूलभाईंच्या दुकानात रंगाचा रिकामा डबा उपडा घालून आबा त्यावर बसले होते. त्यांच्यापुढे पुरुषभर उंचीची दुधी काच उभी होती आणि ती पडू नये म्हणून रसूलभाई स्वतः तिला दोन्ही हातांनी धरून होते. अलीकडे खुर्चीत चंद्राबाई. सून बघायला आल्यासारखा चेहरा करून त्या काचेकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या आणि काही केल्या पसंती देत नव्हत्या.

"धोतार दिसतंय," त्या म्हणाल्या.

"आन् मी?"

"तुमी न्हाई."

"झालं तर मग. धोतार नेसून कोन आंगूळ करतंय?"

शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी आम्रपाली तोंड फिरवून हसली. चंद्राबाई मात्र हसल्या नाहीत. आंघोळ ही गोष्ट त्यांनी जन्मभर गंभीरपणे घेतली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

आबा रेल्वेत गेटमन होते. लोणंदच्या बाहेर, रानात, रूळ आणि गाडीवाट जिथं एकमेकांना भेटतात त्या फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. फाटकाला खेटून एका खोलीचं रेल्वेचं घर आणि घराच्या कडेला न्हाणी. न्हाणी म्हणजे काय, तर रुळाखालचे टाकाऊ लाकडी स्लीपर तीन बाजूंना उभे करून केलेला आडोसा. चौथी बाजू उघडी, आणि ती नेमकी रुळाकडे. आबांनी तिथं गोणपाट बांधून पाहिलं, ताडपत्री बांधून पाहिली, एकदा तर पत्राही ठोकला. पण गाडीचा वारा असा यायचा की काही म्हणता काही टिकायचं नाही. शेवटी नवराबायकोनं आपली एक रीत पाडून घेतली. चंद्राबाईंनी दोन गाड्यांच्या मधे आंघोळ उरकायची आणि आबांनी त्या चौथ्या बाजूला न्हाणीकडे पाठ करून उभं राहायचं. अवचित एखादी मालगाडी आलीच तर हिरवा बावटा धरून उभं राहणं ही आबांची नोकरीच होती. नेमकं त्याच जागी उभं राहणं हा संसार.

आतून चंद्राबाई विचारायच्या, "हायसा न्हवं?" आबा म्हणायचे, "हाय." मग आतून आवाज यायचा तो आधी एका तांब्याचा. पाणी बेताचंच गरम आहे ना, हे त्या पहिला तांब्या डाव्या पायावर ओतून बघायच्या. मग जरा थांबा, आणि मग पुढची आंघोळ. गाडीतल्या माणसांना फाटकावर छाती काढून उभा असलेला गेटमन दिसायचा. त्याच्या पाठीमागं एक बाई निवांत साबण लावतेय, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आणि आबांनीही इतक्या वर्षांत एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. लग्नाची बायको. पण एकदा पाळायचं म्हटलं की पाळायचं, असला तो माणूस.

निवृत्तीनंतर लोणंदात दोन खोल्यांचं घर झालं तेव्हा चंद्राबाईंनी एकच मागणं केलं होतं. बाकी घर कसंही असू दे, न्हाणीला लाकडाचं दार पाहिजे आणि दाराला आतून कडी. ती कडी त्यांनी आल्यागेल्या बायकांना लावून दाखवली होती. त्याच कडीनं यंदाच्या उन्हाळ्यात घात केला. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात सुधारला, बोलणं सुधारलं, डावा पाय तेवढा ओढत राहिला. एका सकाळी त्या न्हाणीत घसरल्या. कडी आतून. नळ चालू. शेजारच्या नाथाजीनं पहार घालून दार उचकटलं तेव्हा त्या भिंतीला टेकून पडल्या होत्या, शुद्ध नव्हती. कपाळाला टेंगूळ येण्यापलीकडं काही झालं नाही, हे नशीबच.

त्या दिवशी दार गेलं ते गेलंच. आम्रपाली सांगलीच्या दवाखान्यात नर्स. तिनं रजा टाकून आधी उंबरा काढवला आणि प्लॅस्टिकचा पडदा लावला. पडदा अंगाला चिकटतो म्हणून चंद्राबाईंनी तो गुंडाळून वर टाकला. ॲल्युमिनियमचं दार बघितलं, तर त्याला खाली चौकटीची पट्टी. ओढता पाय तिथं अडणार. रजा वाढवून मीच रोज आंघोळ घालते, नाहीतर बाई ठेवू, असं आम्रपालीनं काढलं तेव्हा तर चंद्राबाईंनी दोन दिवस आंघोळच केली नाही. मग तिला एका डॉक्टरांच्या बंगल्यात पाहिलेली न्हाणी आठवली. चौकट नाही, उंबरा नाही, नुसती जाड काच भिंतीला बिजागरीवर टांगलेली. ती रसूलभाईंनी बसवली होती. म्हणून ही आजची वारी.

रसूलभाई मन लावून समजावत होते. ही काच भट्टीत भाजून घट्ट केलेली असते. फुटलीच तर साखरेसारखे खडे होतात, कापत नाही. पण एकदा भाजली की तिला कुणाचा बाप कापू शकत नाही, तेव्हा काय ते आत्ताच ठरवा. "आन् मावशी, खाली बोटभर फट ऱ्हाणार. थोडं पानी भाईर येनार. ते मी आधीच सांगतो, मागनं शिव्या नगा दिऊ."

फटीचं चंद्राबाईंना काही वाटलं नाही. सगळी काच दुधी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. आता आबा डब्यावरून उठून पुढे आले. सगळी दुधी केली तर ती आत पडली काय आणि बसली काय, बाहेर कळणार कसं? मग लाकडाच्या दारानं काय वाईट केलं होतं? रसूलभाईंनी तोड काढली: मधेच एक आरपार पट्टी ठेवू. चंद्राबाई म्हणाल्या, ठेवा, पण वर ठेवा, माझं डोकं दिसलं की झालं. आम्रपाली म्हणाली, तू बसणार स्टुलावर, डोकं तिथवर पोचतंय कुठं? रसूलभाई म्हणाले, मग खाली ठेवू. पाय दिसतील, आणि माणूस पडला तर खालीच पडतो.

"खाली नगं," चंद्राबाई म्हणाल्या.

का नको, ते काही सांगेनात. आबांना हसूच आलं. जी बाई सगळं आयुष्य रुळाकडेच्या खडीतून अनवाणी हिंडली, पाटीभर शेण डोक्यावर घेऊन सगळ्या गाडीसमोरून गेली, तिला आता पायांची लाज? ते तसं म्हणालेही. चंद्राबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत लुगड्याचा काठ ओढून डावा पाय झाकला. त्या पायावर मागं एकदा फोड उठला होता. चहा सांडला म्हणाल्या होत्या.

चहा आला, प्याला गेला, काच तशीच. रसूलभाईंनी काच भिंतीला टेकवली आणि गिऱ्हाईक बघायला गेले. आम्रपाली घड्याळ बघायला लागली. तेव्हा आबा बायकोच्या शेजारी उकिडवे बसले आणि आवाज खाली घेऊन बोलले.

"आगं, गाडी लांब असली, दिसत नसली, तरी रुळाला कान लावला की मला कळायचं, येतीया म्हून. त्या दिशी तुज्या दाराला कान लावला. नुसतं पानी वाजत हुतं. तू हाय का न्हाई, काय सुदिक कळंना. मी कितींदा म्हनलं, हायस न्हवं, हायस न्हवं." ते थांबले. "आता मला न्हाई जमायचं तसं उभं ऱ्हाया."

चंद्राबाईंनी पायावर ओढलेला लुगड्याचा काठ सोडला. सत्तरीला टेकलेला, कधी कशाला न घाबरलेला हा माणूस दाराबाहेर किती भ्याला होता, हे त्यांना कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

"ठेवा खाली," त्या रसूलभाईंना हाक मारून म्हणाल्या. "वीतभरच ठेवा. त्याच्या वर न्हाई."

काच यायला महिना लागला. टेंपोतून गादीत गुंडाळून आली आणि रसूलभाईंनी अख्खा दिवस घालवून ती टांगली. बघायला आळी लोटली. आळीतली रंगुबाई म्हणाली, चंद्रे, तुजी आंगूळ बघाया आता तिकीट लावतीस का काय? चंद्राबाई म्हणाल्या, लावीन, पर तुला वीतभरच दिसंल, तेवढ्यात पैसं वसूल हुत न्हाईत. जाताना रसूलभाईंनी दार एका बोटानं ढकलून दाखवलं. ते आवाज न करता फिरलं आणि परत जागेवर आलं. आम्रपाली पाणी तापवायचा गीझर आणि दोन नळ जोडून घेऊन रात्रीच्या गाडीनं सांगलीला गेली. निघताना तिनं आबांना बजावलं: आई आत असली की तुम्ही बाहेर बसायचं. आणि जरा जरी जमत नाही असं दिसलं, तर मला कळवा, मी सरळ बाई लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई आत गेल्या. पाय कुठं अडला नाही. आबांनी बाहेर आपलं स्टूल मांडलं. आत नळ सुरू झाला, बादली भरायला लागली.

"हायसा न्हवं?"

"हाय."

मग जरा वेळानं आतून विचारणा झाली, "काय दिसतंय?"

आबांनी समोर पाहिलं. "भिंत," ते म्हणाले.

आतला नळ बंद झाला. एवढ्या लांबून, एवढ्या खटपटीनं बायको दिसावी म्हणून आणलेल्या काचेकडे आबा चक्क पाठ करून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. आत चंद्राबाई हसू लागल्या. झटका आल्यापासून त्या अशा पोटभर हसल्या नव्हत्या.

"फिरा की आता," त्या म्हणाल्या. "हितं कुटली गाडी येतीया?"

आबा स्टुलासकट फिरले. म्हातारपणी कान तापले त्यांचे. समोर पांढरीशुभ्र काच, काही म्हणता काही दिसत नव्हतं. आणि जमिनीलगत वीतभर आरपार जागेत दोन पाय होते. टाचांना भेगा, बोटांत चांदीची जोडवी झिजून तारेसारखी झालेली. हे पाय आपण कधी असे बसून बघितलेच नाहीत, असं आबांच्या मनात आलं, आणि त्यांना ते फार बरं वाटलं.

तेवढ्यात पहिला तांब्या डाव्या पायावर पडला. पाणी फरशीवरून आलं, काचेखालच्या फटीतून बाहेर आलं आणि आबांच्या अंगठ्याला लागलं. आबांनी चटका बसून पाय वर घेतला. आतल्या उजव्या पायानंही शिंतोडे उडताच बोटं आखडून घेतली होती. डावा पाय मात्र होता तिथंच होता. कुणीतरी विसरून गेल्यासारखा. त्याच्यातून वाफ निघत होती, कातडी लाल होत चालली होती, आणि आत दुसरा तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला.

चहा सांडला नव्हता तर.

"थांब," आबा म्हणाले. "पानी लय कढत हाय. गार सोड."

आत तांब्या परत बादलीत रिकामा झाला. मग गार पाण्याचा नळ फिरला.

"दिसलं व्हय तुमाला?"

"दिसलं."

"झटक्यापास्नं हाय तसं. त्या पायाला काय बी कळत न्हाई." चंद्राबाईंचा आवाज बारीक झाला होता. "पोरीला सांगू नगासा. ती बाई लावंल. मला दुसऱ्याच्या हातनं न्हाई आंगूळ करून घ्यायची."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली बायको वर्षभर एक पाय घरात सगळ्यांपासून लपवून हिंडत होती, आणि आपण तिला पायांची लाज वाटते म्हणून हसलो. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. काच दुधी होती हे एका अर्थी बरंच झालं.

"न्हाई सांगत," ते म्हणाले.

"मग तुमीच सांगत जावा," आत बादलीत पाणी ढवळल्याचा आवाज आला, "कढत का गार."

आबांनी स्टूल बाजूला सारलं आणि ते फरशीवरच बसले, काचेला लागून. खालच्या फटीपाशी त्यांनी आपला उजवा तळहात उताणा ठेवला.

"घाल," ते म्हणाले.

तांब्या पडला. पाणी तिच्या पायावरून आलं, काचेखालून आलं आणि त्यांच्या तळहातावर थांबलं. आबांनी नीट अंदाज घेतला.

"आता बराबर हाय," ते म्हणाले, "कर आंगूळ," आणि हात तिथंच ठेवला.