राजाच्या अंगावरून उतरलेला झगा

मी एक जुना झगा आहे. मित्रांनो, आज माझी मखमल विरली आहे आणि जरीची किनार काळवंडली आहे. पण एके काळी लंडनच्या एका बड्या सरदाराच्या खांद्यावर मी मिरवत होतो. टोबायस नावाचा त्याचा नोकर मला रोज झटकून ठेवत असे. मरताना सरदाराने मला टोबायसच्या नावे करून दिले. थट्टाच म्हणायची! नोकरमाणसाने मखमल घालू नये असा कायदाच होता. घातली तर शिक्षा, ठेवली तर कसर लागणार. शेवटी त्याने मला थेम्सच्या दक्षिण काठावरच्या नाटकमंडळीला विकले.

तिथे अँब्रोज नावाचा नट मला घालून राजा होई. होता चांभाराचा मुलगा, पण रंगमंचावर त्याला कायदा आडवा येत नसे. नाटकात सरदार बंड करत आणि भर दरबारात राजाचा मुकुट नि झगा उतरवून घेत. खरी राणी तेव्हा म्हातारी झाली होती, पोटी मूल नव्हते, आणि पुढे गादीवर कोण हे विचारायचीही चोरी होती. अशा दिवसांत असले नाटक म्हणजे विस्तवाशी खेळ. एका दुपारी नाटके तपासणारा दरबारी अधिकारी सज्जात येऊन बसला. त्याला खटकले की नाटकगृहाला टाळे लागणार आणि मंडळी उपाशी मरणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

झगा उतरवायची वेळ आली. खाली उभे असलेले लोक अक्रोडांची टरफले फेकत ओरडू लागले, "उतरवा रे, उतरवा! बघू तरी आतून कसा दिसतो!"

मी जमिनीवर पडलो. अँब्रोज नुसत्या सदऱ्यावर राहिला. थंडीचे दिवस, नाटकगृहाला छप्पर नाही, डोक्यावर उघडे आभाळ. तो खरोखरच कुडकुडत होता.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा धडपडत मंचावर चढला. तो टोबायस होता.

"अहो म्हातारबा, नाटक आहे हे!" बंडखोर झालेला नट दबक्या आवाजात म्हणाला. "उतरा खाली. आमच्या पोटावर पाय आणू नका."

"असू दे की नाटक. हुडहुडी तर खरी भरलीय ना?" टोबायसने मला उचलले, झटकले आणि अँब्रोजच्या खांद्यांवर घातले. "घ्या, धनी. शेकोटी पेटवल्याशिवाय कपडे उतरवतात का कुणी?"

कोणी हसले नाही. एकेकाने डोक्यावरची टोपी काढली. मला फार बरे वाटले.

प्रयोग संपल्यावर अधिकारी पडद्यामागे आला. "नाटक चालू द्या. तेवढा प्रवेश मात्र कापा."

"पण साहेब, लोक राजाला हसले नाहीत," अँब्रोज काकुळतीने म्हणाला. "उलट हळहळले!"

"हसणाऱ्याला फटके देता येतात. पण राजालाही थंडी वाजते हे एकदा लोकांना कळलं, की त्याला औषध नाही."

त्यानंतर राजा पडद्यामागेच गादी सोडू लागला आणि निरोप्या येऊन तेवढे सांगून जाई. टोबायस मात्र येत राहिला. त्या जागी नाटक आले की तो मंचाला खेटून, हात थोडे पुढे करून उभा राही. एका हिवाळ्यात तो आला नाही.

मित्रांनो, आता मी पेटीत असतो. अधूनमधून ऊन दाखवलेत, तरी मला पुरे. आणि कुणाच्या अंगावरचे मोठेपण उतरवायची वेळ कधी तुमच्यावर आली, तर खुशाल उतरवा. फक्त आतला माणूस कुडकुडतो आहे का, तेवढे बघा.