आषाढात सुटलेली होडी

हरिश्चंद्र मास्तर मूळचे सासवडचे. बदली होऊन रत्नागिरीला आले आणि समुद्राची काडीइतकीही माहिती नसताना समुद्रावरची कादंबरी लिहायला बसले, तीही तीन भागांत. एका भागात कादंबरी आटोपणं म्हणजे पाहुण्याला नुसत्या ताकभातावर उठवणं, असं त्यांचं ठाम मत. पहिल्या भागात गोडी लावावी, दुसऱ्यात जीव टांगणीला लावावा, आणि तिसऱ्यासाठी वाचकाला वर्षभर झुलवावं.

एकतीस-बत्तीस साली रत्नागिरी खरोखरच झुलली. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिका कमळा आषाढाच्या वादळात होडीतून पळून जाते, होडी दिसेनाशी होते, भाग समाप्त. कोर्टातले कारकून पैजा लावू लागले. बायकांनी कमळेसाठी गणपतीपुळ्याला नवस बोलले. मास्तरांना लोक वाटेत अडवून चहा पाजत आणि हळूच विचारत, जगते ना हो ती? मास्तर नुसते हसत. लग्नातसुद्धा हे इतके खुलले नव्हते, असं त्यांच्या बायकोचं, येसूबाईचं म्हणणं.

माशी शिंकली मिरकरवाड्यात. बंदरावरचा कारकून भिकाजी मासळीचा लिलाव उरकला की खलाशांना कादंबरी वाचून दाखवी. शेवटचं पान ऐकून खलाशांचा म्होरक्या, म्हातारा जमाल तांडेल ताडकन उठला. आषाढात होडी सुटतेच कशी? पावसाळा लागला की होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी शाकारतात, त्या नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यावरच पाण्यात जातात. होडी किनाऱ्यावर, म्हणजे कमळाही किनाऱ्यावर. सगळा दुसरा भाग खोटा!

झालं. दोन दिवसांत गावभर हसू झालं. चहा बंद पडला. हेडमास्तरांनीही शिक्षकांच्या खोलीत विचारलं, कमळा अजून झापाखालीच का? तिकडे मुंबईचा प्रकाशक दिवाळीपर्यंत तिसरा भाग मागत होता. मास्तर टाक बुडवायचे आणि शाई वाळेपर्यंत बसून राहायचे. जी होडी सुटलीच नाही असं सगळं गाव म्हणतंय, ती परत आणायची कुठून? तीन वर्षांचा खटाटोप फुकट जाणार, हे त्यांना दिसत होतं आणि फार लागत होतं. शेवटी एका रविवारी त्यांनी प्रकाशकाला नकाराचं पत्र लिहायला घेतलं.

तेवढ्यात जमाल तांडेल ओटीवर येऊन बसला. आता आणखी काय चूक काढतोय, म्हणून मास्तरांनी खांदे पाडले.

"मास्तर, आषाढात होडी कोन सोडीत नाय," तो म्हणाला. "पन एकदा एकानं सोडलीन."

जमालचाच धाकटा भाऊ. नवी नवरी माहेरी जयगडला तापानं फणफणलेली. जमालनं बजावलं, जाऊ नको. त्यानं एकट्यानं झाप काढले, होडी पाण्यात ढकलली आणि गेला, तो परत आलाच नाही. जमालनं गावात सांगितलं की भाऊ जहाजावर लागून आफ्रिकेला गेला. आषाढात होडी सुटत नाही, मग तो बुडेल कसा? हे तो इतकी वर्षं इतक्या जोरानं सांगत आला, की त्या दिवशी बंदरावर कादंबरी ऐकताना त्याला ओरडल्यावाचून राहवलं नाही.

आपल्या थट्टेचं दुःख मास्तरांना एकाएकी फार क्षुल्लक वाटलं.

"तिसरा भाग लिवा," म्हातारा म्हणाला. "दोनावर थांबू नका. दुसऱ्या भागातच मी चाळीस वरसं बसलोय."

मास्तरांनी पत्र बाजूला सारून कोरा कागद ओढला. कमळेची होडी वल्हवणाऱ्याला त्यांनी आजवर नुसतं नावाडी म्हटलं होतं. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघून भावाचं नाव विचारलं.

"हारुन," जमाल म्हणाला.

आणि मास्तरांनी कागदावर हारुनची होडी गावाशेजारच्या भाट्याच्या किनाऱ्याला लावली.