कपाटाचा खालचा खण

नोटरीसाहेब घरी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत कपाटाच्या जागी भिंतीवर नुसता फिकट चौकोन उरला होता.

"अगं, कपाट कुठंय?"

"दिलं भंगारात," बायको आतून म्हणाली. "पाय गंजून गेले होते त्याचे. वरचं सगळं काढून घेतलंय, काळजी नको."

"आणि खालचा खण?"

"तो उघडतो कुठे? हलवून पाहिला. काही वाजलं नाही."

वाजणार कसं? खणात नोंदवह्या गच्च बसवलेल्या होत्या. नोटरी म्हणून साहेबांची मुदत संपली होती, ऑफिस आवरून झालं होतं आणि उद्या सकाळी या वह्या अभिलेख कार्यालयात जमा करायच्या होत्या. कोणी, कोणत्या कागदावर, ओळखीचा कोणता पुरावा दाखवून त्यांच्यासमोर सही केली, ते सगळं त्यांत होतं. समुद्रावर निघालेल्या खलाशानं बहिणीला दिलेल्या मुखत्यारपत्राची नोंद होती. एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन भावांच्या वाटणीपत्राची होती. उद्या त्यांतला कोणी "ही सही माझी नव्हेच" म्हणाला, तर दाखवायला तेवढी एकच ओळ. वही गेली, तर त्या माणसांचा आधार गेला आणि साहेबांची आयुष्यभराची अब्रूही.

"मला विचारायचं तरी!"

"आणि तुम्ही मला सांगायचं तरी! किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली त्यांच्याच खिशात होती. वह्यांना नोटरीशिवाय कोणाचा हात लागू नये, हा नियम त्यांनी इतका कडक पाळला होता की खणात काय आहे, हे घरातही कोणाला ठाऊक नव्हतं.

पायात चपला कशाबशा सरकवून त्यांनी रिक्षा पकडली.

भंगाराच्या दुकानात कपाट दारातच आडवं पडलं होतं. दारं उचकटलेली, शेजारी पत्रा कापायचं गॅसकटर मांडून ठेवलेलं. खण मात्र शाबूत. साहेबांच्या जिवात जीव आला. ते वाकून किल्ली लावणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"माझं कपाट आहे हे."

"असेल. पण विकलंय एका बाईंनी," भंगारवाला म्हणाला. "त्या आल्या तर उघडा."

"अहो, ती माझी बायको आहे!"

"मागे एक जण असाच शेजाऱ्याचा पंखा घेऊन गेला. पोलीस माझ्या दारात आले, त्याच्या नाही."

साहेबांनी किल्ली मागे घेतली. गेल्याच महिन्यात बायको मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र घेऊन ऑफिसात आली होती. मैत्रीण तापानं फणफणली होती. "सही तिचीच आहे, मी सांगते ना," असं बायको परोपरीनं म्हणत होती, आणि त्यांनी कागद तसाच परत केला होता. त्यावरून घरात अबोला झाला होता.

त्यांनी फोन लावला. "तुला इथं यावं लागेल. स्वतः."

पलीकडून बायको म्हणाली, "मला ताप आलाय म्हणून सांगा. कपाट मीच विकलं, तुम्ही सांगताय ना?"

"अगं, पाया पडतो."

ती आली ती ओळखपत्र पुढे धरूनच. "बघून घ्या हो, फोटो माझाच आहे." भंगारवाल्यानं हसत वाट करून दिली.

किल्ली फिरली. वह्या जशाच्या तशा होत्या. साहेबांनी एकेक उघडली. पानांचे आकडे ओळीनं, एकही पान फाटलेलं नाही. एका जागी चुकलेली नोंद एका रेघेनं खोडून त्यांनी शेजारी सही केली होती. रेघेखाली काय लिहिलं होतं, तेही स्वच्छ वाचता येत होतं. आज त्यांना ती चूकसुद्धा गोड वाटली.

"आहेत सगळ्या," ते म्हणाले. बाहीनं त्यांनी डोळे टिपले.

"रडताय की काय?"

"गंज गेला डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत एकदम?"

भंगारवाल्यानं आपली वही पुढे केली. खणातल्या वह्या परत मिळाल्याचं लिहून बायकोनं सही केली. सहीखाली बरीच कोरी जागा राहिली होती. साहेबांचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला, आणि मागून कोणी काही घुसडू नये म्हणून त्यांनी त्या जागेवर एक तिरपी रेघ ओढली.

"ओ काका! वही माझी आहे ना!"

"ओढू द्या हो," बायको म्हणाली. "उद्यापासून घरात काय करतील, याचीच मला चिंता होती. पाठवत जाईन इकडे."

साहेब वह्या छातीशी धरून हसत सुटले.