चाळीस फूट

शेखरने नकाशावर तिसऱ्यांदा पट्टी ठेवली आणि उत्तर तिसऱ्यांदाही तेच आलं. खाणीतला बोगदा आणि कोळशातला गॅस काढायला जमिनीवरून पाडलेलं भोक यांच्यात नऊच मीटर कोळसा उरला होता. उद्या दुपारी तोही संपणार, भोक फुटणार, गॅस बोगद्यात शिरणार. साऱ्या खाणीत हे एकट्या शेखरलाच ठाऊक होतं, कारण नकाशावर ते भोक तिथे नव्हतंच.

कायदा तसा साधा. गॅसवाल्यांनी भोक पाडण्याआधी जागेचा नकाशा खाणीला द्यायचा आणि खाणीने त्या जागेभोवतीचा कोळसा सोडून द्यायचा. जागा हलली तर नवा नकाशा, नवी मंजुरी.

गेल्या वर्षी गॅसवाल्यांचा सुपरवायझर भगवंतराव पार्बताबाईच्या शेवंतीच्या वावरात मशीन घेऊन आला, तेव्हा खाणीचा सर्व्हेअर म्हणून शेखरच हजर होता. पार्बताबाई त्याची सख्खी मावशी. भोकाच्या जागेची खुंटी नेमकी तिच्या विहिरीवरच्या आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, सात दगडांपाशी ठोकलेली. मावशी आडवी आली.

"आसरा मायले नका छेडू रे बाप्पा! तिकडं घ्या ना मशीन, जागा का कमी हाय?"

मशीनवरच्या माणसांनीही कानाला हात लावले. चाळीस फूट सरकायचं ठरलं.

"नव्या कागदाले दोन महिने लागतीन, साहेब," भगवंतराव म्हणाला. "चाळीस फुटानं का आभाय कोसयते?"

आणि शेखर या शहाण्याने मावशीचा चहा पीत जुन्याच नकाशावर सही ठोकली! बोगदा त्या बाजूला जाणारच नव्हता, ही त्याची समजूत. गेल्या महिन्यात समोर पाणी लागलं आणि मॅनेजर धर्मपाल यांनी तो तिकडेच वळवला. भोक चुकवून जाईल, या आशेवर शेखर आजवर थांबला होता.

आज सकाळी त्याने बोगद्याचं छत कच्चं असल्याची थाप मारून पाहिली. धर्मपाल स्वतः खाली उतरले, छत ठोकून आले. "ठणठणीत आहे. काम थांबवू नका." भगवंतरावचा फोन बंद. खरं बोललं की नोकरी गेली, सर्व्हेअरचं लायसन्स गेलं, मूर्तिजापूरच्या आपल्या घरात तोंड दाखवायची सोय गेली. आणि खाली चौदा माणसं खणत होती. त्यात मावशीचा मुलगा जीवनही होता.

शेवटी त्याने खालचा फोन फिरवला. जीवननेच उचलला.

"जीवन, सगळ्यायले घेऊन वर ये. समोर गॅसचं भोक हाय."

"नकाशात त नाही, दादा."

"हलवलं होतं. सही माही हाय."

 जीवन हळूच म्हणाला, "मायनं हलवाले लावलं होतं ना? तिचं नाव नको घेऊ, दादा. चौदा घरच्या बाया तिच्या दारात येतीन. गावात जगू देतीन का तिले?"

 चौकशीतल्या जबाबाची पहिली ओळ शेखरने मनात कधीच लिहून ठेवली होती, आणि ती मावशीचीच होती. गावाचा दबाव होता म्हटलं की गुन्हा निम्मा होतो. सुटायची तेवढीच एक वाट होती.

तासाभरात चौदाही जण वर आले. शेखरने भोक हलवल्याचं कबूल केलं, तेव्हा धर्मपाल यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"जागा कोणाच्या सांगण्यावरून बदलली?"

शेखरने पेन उचललं. मग लिहिलं, 'कोणाच्याही नाही.'

धर्मपाल यांनी ते वाचलं. "असं लिहिलंत तर तुम्हाला कोणीच वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे," शेखर म्हणाला.

दारात कोळशाने काळ्याठिक्कर तोंडाचा जीवन उभा होता. त्याने मान खाली घातली.